छोट्या लेथचा टूल पोस्ट: विकत घ्यावा की घरीच करावा?

सायकलडवरा, आर्वी

राम राम मंडळी. पडवीत एक छोटा लेथ बसवला आहे. चायना मेक, आधी कुणीतरी वापरलेला, सात इंची म्हणतात तो. सेंटर हाइट 90 मिमी, सिंगल फेज मोटर. मी टर्नर नाही, कास्तकार आहे. सायकल डवऱ्याचे (हाताने ढकलायच्या कोळप्याचे) बुश, फवारणी पंपाच्या पिना, शेजाऱ्याच्या कडबा कटरचं काही, असं बारीकसारीक करतो. काम नसलं की नुसतं लोखंड सोलत बसतो, त्यातही मजा येते.

अडचण टूल पोस्टची, म्हणजे कापायचं टूल धरणाऱ्या भागाची आहे. मशीनसोबत आलेला चारमुखी आहे, चार बाजूंना चार टूल धरणारा. टूल बदललं की त्याचं टोक सेंटरच्या, म्हणजे जॉब फिरतो त्या मधल्या रेषेच्या उंचीवर आणायला खाली पॅकिंग शोधा. पत्र्याचे तुकडे ट्रेमध्ये पडतात आणि किसात मिसळले की सापडत नाहीत. पार्टिंग (फिरता जॉब कापून वेगळा करणं) करायला गेलो की टूल आत घुसते, खट्ट आवाज होतो आणि पट्टा घसरतो.

ऑनलाइन अ‍ॅल्युमिनियमचा क्विक चेंज सेट दिसतो, तो स्वस्त आहे. स्टीलचा चांगला सेट घ्यायचा तर दुकानदार जो भाव सांगतो त्यात माझ्या लेथची अर्धी किंमत निघते. घरी करायचा म्हटलं तर मिलिंग मशीन नाही. फोर जॉ चक (जॉब धरणारी चार जबड्यांची पकड) आहे. घरात ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलचा तुकडा आणि थोडी जाड प्लेट पडून आहे. काय करू?

टूलरूमवाला, हिंगणा एमआयडीसी

विकतच घ्या, पण अ‍ॅल्युमिनियमचा नको. दोन टूल होल्डर बदलले की त्याचा डोव्हटेल (होल्डर अडकतो तो तिरप्या कडांचा सांधा) घासायला लागतो.

स्टीलमध्ये दोन प्रकार मिळतात. पिस्टनवाल्यात पोस्टमधला पिस्टन होल्डरला बाहेर ढकलतो आणि होल्डर डोव्हटेलमध्ये अडकून बसतो. वेजवाल्यात पाचर सरकते आणि होल्डर पोस्टच्या अंगाला ओढला जातो, म्हणून पकड चांगली आणि काढून लावला तरी टूल पुन्हा त्याच जागी येतं. पैसे टाकायचेच तर वेजवाल्यावर टाका. साइज नीट बघा. बाजारात एएक्सए सर्रास मिळतो, पण तो साधारण 9 ते 12 इंच स्विंगच्या (फिरू शकणाऱ्या मोठ्यात मोठ्या व्यासाच्या) मशीनसाठी. तुमच्या सात इंचीला त्याखालचा ओएक्सए. मोठा घेतला तर टूल सेंटरच्या वरच राहील, मग खाली कितीही सरकवा.

जिनिंगचा फिटर, हिंगणघाट

भाऊ, आधी पट्टी घेऊन बसा, मंग पैशाचं बोलू.

कंपाउंडच्या (पोस्ट ज्याच्यावर बसते त्या वरच्या स्लाइडच्या) माथ्यापासून सेंटरपर्यंत किती अंतर आहे हे तुम्ही लिहिलंच नाही. साइज त्याच्यावरच ठरते, विकतचा घ्या का घरचा करा. चकमध्ये एक सरळ गोल दांडा धरा. कंपाउंडच्या माथ्यापासून दांड्याच्या खालच्या अंगापर्यंत मोजा आणि त्यात दांड्याचा अर्धा व्यास मिळवा. टेलस्टॉकच्या (चकच्या समोरच्या आधाराच्या) सेंटरवरून मोजू नका. जुन्या मशीनचा टेलस्टॉक घासून खाली बसलेला असते.

वरच्या भाऊंनी टूलरूमच्या हिशेबानं बरोबर सांगितलं. तिथं मिनिटाचा पैसा होते. आपण पडवीत बसून डवऱ्याचा बुश करून राहिलो, आपलं मिनिट कोण मोजते? आपल्याला दोनच गोष्टी पायजे: टूल हलू नये, आणि हाइट एकदा बसली की बसलेलीच राहावी. मी जिनिंगमध्ये असताना डबल रोलरचे शाफ्ट, बुश, पुल्या सारं साध्या पोस्टवर केलं. तिथल्या मोठ्या लेथवर चारमुखीच होता आणि काही अडत नव्हतं.

सगळ्यात सोपं सांगतो: एका टूलचा एक ठोकळा. लोखंडाचा चौकोनी तुकडा, मधून स्टडचं (पोस्ट आवळायच्या आट्यांच्या दांड्याचं) भोक, एका अंगाला टूलची खाच, वरून तीन स्क्रू. टूल सेंटरवर येईल एवढीच खाच खोल करायची. मंग तो ठोकळा त्या टूलचाच. टर्निंगचा एक, फेसिंगचा एक, पार्टिंगचा एक. टूल बदलायचं म्हणजे एक नट सोडून ठोकळा बदलायचा. पॅकिंगचं नाव नाही. टूलला धार लावून लावून बोट, दीड बोट कमी झालं तरी वरचा माथा घासला नाही तं हाइट तीच राहते.

याच्या पुढचं पायजे असन तं गोल खांबाचा पोस्ट करा. इंग्लंडकडचे हौशी लोक त्याला नॉर्मन म्हणतात. मधात एक गोल खांब, त्याच्यावर होल्डर चढते, वर-खाली सरकते, गोल फिरते, आणि बोल्ट आवळला की बसते. याच्यात डोव्हटेल नाही, म्हणून मिलिंगचं काम थोडंच. भोक बोअर करणं आणि खांब टर्न करणं, दोन्ही लेथवरच होते, आणि लेथ तुमच्याजवळ आहेच.

खांब 30 मिमीचा ठेवा. अ‍ॅक्सलचा तुकडा वापरू नका, त्याची वरची कातडी कडक केलेली असते, एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल तोंड फिरवन. लोहाराकडून लाल करून राखेत रातभर गाडून ठेवला तं नरम होईन, पण एवढी कटकट काहून? एखाद्या जिनिंगच्या भंगारात शाफ्टचे तुकडे किलोवर भेटतात, ते मस्त सोलतात. खांबाचा तळ फेस करताना मधात थोडा खोलगट घ्या, म्हणजे तो कडेवर बसते, डुगडुगत नाही. आणि बसवताना खाली वहीचं एक पान ठेवा. लोखंडावर लोखंड घसरते, कागदावर घट्ट बसते. जुने टर्नर असंच करत.

आता पकड. बहुतेक लोक होल्डरला करवतीनं चीर मारतात आणि बोल्टनं आवळतात. चालते ते. पण मले दुसरी पद्धत आवडते. होल्डरमध्ये मोठं भोक करायच्या आधी त्याच्या बाजूनं आडवं 12 मिमीचं भोक मारा, असं की मोठ्या भोकाच्या अंगात थोडं शिरन. त्याच्यात 12 चा गोल दांडा टाइट बसवा. त्या दांड्याला लांबीनं 6.8 मिमीचं भोक आधीच पाडून ठेवा. आता दांड्यासकट होल्डर फोर जॉमध्ये धरून मोठं भोक बोअर करा. दांड्याच्या अंगावर बरोब्बर खांबाच्या गोलाईची कोयरी कापली जाते. मंग दांडा काढा, मधातून कापून दोन तुकडे करा, मधात दोन-तीन मिमी जागा राहिली पायजे. एका तुकड्यात एम8 चे आटे, दुसऱ्याचं भोक 8.5 करा. परत बसवून बोल्ट आवळला की दोन्ही तुकडे एकमेकाकडे येतात आणि खांबाला दोन बोटात धरल्यासारखे धरतात. होल्डर कुठंच चिरावा लागत नाही, म्हणून तो वाकतही नाही. लग्नाच्या पंगतीत बसल्यावानी सारं जागच्या जागी राहते.

पार्टिंगचं दुखणं मात्र निव्वळ पोस्टचं नाही. कंपाउंडची गिब (स्लाइडची ढील काढणारी पट्टी) सैल असन, टूल बाहेर जास्ती निघालं असन, स्पीड जास्ती असन. आधी हे पाहा. आणि आमच्याकडं रातच्याला शेतीची लाइन आली की साऱ्यांचे पंप एकदम सुरू होतात, होल्टेज बसते, मोटर रडते. त्या वेळी पार्टिंगला हात लावू नका.

आयटीआयचा मास्तर, पुसद

चारमुखीला एवढं वाईट का ठरवता? पोरांना मी त्याच्यावरच शिकवतो. पॅकिंग हरवते तर टूलसोबत बांधा. करवतीच्या तुटक्या पात्याचे तुकडे घ्या, दात ग्राइंड करा. साध्या हाताच्या पात्याची जाडी साधारण 0.6 मिमी, पत्र्यासारखं वाकत नाही. एकदा हाइट मिळाली की तेवढे तुकडे टूलच्या बुडाला फेविक्विकनं चिकटवून टाका. पुढच्या वेळी टूल ठेवलं की सेंटरवर.

हाइट बघायला सहा इंची पट्टी पुरते. दांडा आणि टूलच्या टोकाच्या मध्ये पट्टी उभी धरून हलकेच दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरवर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. पट्टी वाकेपर्यंत दाबू नका, दरवर्षी पोरं चार पट्ट्या वाकवतात.

तुमच्या चारमुखीचा तळ एकदा तपासा. मार्किंग ब्लू लावून कंपाउंडवर फिरवा. मध्येच निळं उमटलं तर तो मधल्या उंचवट्यावर डुलतोय. फोर जॉमध्ये धरून मधला भाग जरासा खोल करा. खांबाला जे फिटर भाऊंनी सांगितलं तेच इथंही लागू.

टूलरूमवाला, हिंगणा एमआयडीसी

मास्तरांचं पटलं. पार्टिंगपुरतं मी एक वेगळं सुचवतो: कंपाउंड काढूनच टाका. टेपर किंवा थ्रेडिंग नसेल तेव्हा कंपाउंडचं काम नसतं, आणि सगळ्या सांध्यांत तोच सांधा जास्त हलतो. त्याच्या जागी क्रॉस स्लाइडवर (कंपाउंडच्या खालच्या आडव्या स्लाइडवर) लोखंडाचा भरीव ठोकळा बोल्टनं बसवा आणि पोस्ट त्याच्यावर. फरक पहिल्याच कटला ऐकू येतो, कर्रकर्र थांबते.

आणखी एक उपाय म्हणजे मागचा पोस्ट. क्रॉस स्लाइडवर जॉबच्या पलीकडे पोस्ट, त्यात पार्टिंग टूल उलटं, धार खाली. स्पिंडल नेहमीच्याच दिशेनं फिरतो. पुढच्या बाजूला टूल वाकलं की ते जॉबमध्ये आणखी घुसतं. मागून वाकलं तर ते जॉबपासून दूर जातं, म्हणून अडकत नाही. कीसही खाली गळून पडतो. पण त्यासाठी क्रॉस स्लाइडला टी-स्लॉट (बोल्टचं डोकं अडकवायची खाच) किंवा आट्यांची भोकं लागतात. तुमच्या मशीनला टी-स्लॉट नसेल तर भोकं पाडावी लागतील.

सायकलडवरा, आर्वी

सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं. कंपाउंडच्या माथ्यापासून सेंटर 23 मिमी. टूल बिट 8 मिमीची आहेत, मिरांडाची. स्टड 10 मिमीचा. क्रॉस स्लाइडला टी-स्लॉट नाही, म्हणून मागचा पोस्ट सध्या राहू दे. मास्तरांची फेविक्विकवाली युक्ती आजपासूनच करतो. पण गोल खांब मनात बसला आहे. मापं कशी घेऊ? आणि टूलची खाच मिलिंगशिवाय कशी कापू?

जिनिंगचा फिटर, हिंगणघाट

23 म्हणजे जागा कमी आहे, पण बसते. 23 मधून टूलचे 8 गेले, राहिले 15. वर-खाली करायला 3 ठेवा. म्हणजे होल्डर खाली टेकला असताना खाचेचा तळ 12 वर. खाच 10 ची, वरची भिंत 12 ची, तिच्यात एम6 चे तीन स्क्रू. झाला होल्डर 34 उंच. खांब 38 करा. होल्डरच्या माथ्यावर खांबाच्या अगदी जवळ एम6 चा स्टड बसवा, त्याच्यावर जाड गोल चकतीचा नट. चकतीची कड खांबाच्या माथ्यावर टेकन आणि होल्डर तिच्यावर लटकन. नट फिरवला की हाइट बदलते, मंग लॉकनट. खांबाच्या मधला 10 चा नट चकतीला आडवा यायला नको, म्हणून तं खांब 30 चा सांगितला. कडेला साडेपाच मिमी जागा उरते.

पहिले होल्डरचं भोक पूर्ण करा, खांब नंतर टर्न करा. बाहेरून दोन-दोन रेघा घेत मापावर येणं सोपं असते, आतून बोअर एकदा मोठा झाला की झाला. पुढं चार-पाच होल्डर करायचे असन तं खांब टर्न करताना त्याच मापाचा आणखी एक तुकडा कापून ठेवा, तोच गेज. दुसऱ्या होल्डरच्या भोकात तो तेल लावून हातानं सरकला पायजे, पण ढिला नाही.

खाचेसाठी दोन रस्ते. तालुक्याच्या ठिकाणी कोणाकडं शेपर (रंध्यासारखं पुढं-मागं कापणारी मशीन) असन, तो चहाच्या पैशात कापून देते, फक्त मापाची चिठ्ठी लिहून द्या, तोंडी सांगू नका. नाही तं घरीच करा: कंपाउंड काढा, होल्डर क्रॉस स्लाइडवर पॅकिंगवर बसवा, खाच चकच्या तोंडाकडं आणि सेंटरच्या उंचीवर. चकमध्ये 8 चं एंडमिल (खाच कापायचं दातांचं गोल टूल) धरा. थ्री जॉमध्ये एंडमिल हळूहळू बाहेर सरकते, म्हणून कट अर्ध्या मिमीपेक्षा जास्ती नको, आणि क्रॉस स्लाइड नेहमी दातांच्या विरुद्धच चालवा, सोबत नाही. सोबत चालवलं तं एंडमिल जॉब ओढून घेते. सॅडल (क्रॉस स्लाइड ज्याच्यावर बसते तो भाग) लॉक करून ठेवा.

आणि तेल म्हणून सरकीचं चालते, आमच्या गावात काय त्याची कमी आहे. फक्त काम झालं की स्लाइडवरून पुसून काढा, राहिलं तं दोन-चार दिवसात गोंदावानी चिकटते.