चार महिन्यांत २० किलो: ध्येय चुकतंय की माझंच काही चुकतंय?

अबोली४१

नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १५८ सेंमी, बैठं काम, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. दोन महिन्यांपूर्वी रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." किती, कसं, किती दिवसांत, यातलं काहीच बोलणं झालं नाही. दारात पुढचा पेशंट उभा होता.

घरी येऊन उंची-वजनाचा तक्ता काढला. माझं वजन ८६ आणि तक्त्याप्रमाणे ६२ हवं. चार महिन्यांनी शाळेतल्या आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन आहे, २५ वर्षांनी सगळे भेटणार. म्हणून ठरवलं, तोवर २० किलो उतरवायचेच.

आता तिसरा आठवडा संपतोय. पहिल्या आठवड्यात २.३ किलो उतरले, काय आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्यात फक्त ४०० ग्रॅम. या आठवड्यात उलट ३०० ग्रॅम वाढले. आज ८३.६. रोज ४० मिनिटं चालते, रात्रीचं जेवण बंद केलंय. पण अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डबे उघडले जातात, हेही खरं. काल काट्यावरून उतरले आणि रडू आलं. याआधीही तीनदा असंच सुरू करून महिन्याच्या आत सोडलंय. या वेळी सोडायचं नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा, प्लीज.

पायवाट

अशक्य नाही. माझे १२ आठवड्यांत १३ किलो उतरले होते. पण तेव्हा मी मोठ्या रजेवर होतो, दोन्ही वेळ व्यायाम, दुसरं काही कामच नव्हतं. कामावर रुजू झालो आणि सहा महिन्यांत त्यातले १० परत आले. त्यामुळे "किती दिवसांत" यापेक्षा "रोजचं आयुष्य सांभाळून काय जमेल" हे आधी बघा, एवढंच सांगेन.

जुनीवही

अबोलीताई, तुमचं काही चुकत नाहीये. तो २० चा आकडा चुकलाय. जरा सविस्तर लिहितो, कारण याच आकड्यापायी मी एकदा ऑपरेशन टेबलापर्यंत गेलोय.

आधी हिशोब बघू. १ किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. २० किलोंच्या झाल्या १,५४,०००. चार महिन्यांचे १२० दिवस धरले तर रोज जवळपास १३०० कॅलरींची तूट हवी. तुमचं वय, उंची, वजन आणि बैठं काम पाहता शरीराचा दिवसाचा एकूण खर्चच १९००-२००० च्या आसपास असेल. म्हणजे खायला उरतात ६००-७००. चालण्याने त्यात थोडी भर पडेल, पण एवढ्यावर कोणी चार महिने काढू शकत नाही, काढूही नयेत. शिवाय वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही कमी होत जातो, त्यामुळे प्रत्यक्षातलं गणित याहून कठीण असतं. रात्री अकराला डबे उघडले जातात त्याचं कारण हे आहे. मनाचा कच्चेपणा म्हणून त्याकडे बघू नका, दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर आपलं मागून घेतंय.

पहिल्या आठवड्यातल्या २.३ किलोंमध्ये बरंचसं पाणी होतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं कमी केलं की तो साठा आधी वापरला जातो आणि पाणी निघून जातं. दुसऱ्या आठवड्यातले ४०० ग्रॅम हा तुमचा खरा वेग, आणि तो चांगला वेग आहे. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही डॉक्टर मंडळी सांगतात ती मर्यादा, तिच्या खालच्या टोकाशी तुम्ही आहातच.

आता माझं. सहा वर्षांपूर्वी ९७ किलो होतो, उंची १७२ सेंमी. कोणालाही न विचारता दिवसाला ९०० कॅलरींवर राहिलो आणि नऊ आठवड्यांत ११ किलो उतरवले. लोक थांबवून विचारायचे, काय केलंस म्हणून. दहाव्या आठवड्यात एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडून राहिलो. पित्ताशयात खडे. वजन फार झपाट्याने उतरलं तर खड्यांचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं. पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षभरात ते ११ किलो परत आले, वर १ आणखी.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ९८ ला, आणि या वेळी आकडा घेतला फक्त ५. डॉक्टरांनीच समजावलं की वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी रक्तदाब, रक्तातली साखर, चरबी यांत फरक दिसायला लागतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात लोकांना ध्येय दिलं होतं ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. बस्स. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यातल्या कोणाला "तक्त्यात बसा" असं सांगितलं नव्हतं.

तुमचे ७ टक्के म्हणजे ६ किलो. ८६ वरून ८०. चार महिन्यांत रोजची तूट लागते ३८५ कॅलरींची, आणि ती जेवण न सोडता जमते. म्हणून रात्रीचं जेवण आजपासून परत सुरू करा. ताटात प्रथिनं आणि भाज्या वाढवा, वाढून घेतलेलं बसून खा. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम जोडा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आणि एक वही करा. मी सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, पाणीही प्यायच्या आधी वजन करायचो आणि लिहायचो. एका आठवड्याचे माझे आकडे जसेच्या तसे देतो: ९३.४, ९३.९, ९४.६, ९३.८, ९३.२, ९३.५, ९३.०. तिसऱ्या दिवशीचा आकडा बघा. आदल्या रात्री खारट खाणं झालं होतं, बाकी काही नाही. पूर्वी असा आकडा दिसला असता तर मी त्या दिवशी जेवलोच नसतो. पण सात दिवसांची सरासरी आली ९३.६, आणि आधीच्या आठवड्याची होती ९३.९. म्हणजे ३०० ग्रॅम उतरलेच होते. तुमचे "वाढलेले" ३०० ग्रॅम याच जातीचे असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पहिले ५ उतरायला मला पाच महिने लागले. मग दोन महिने मुद्दाम थांबलो, फक्त टिकवलं. मग पुढचे ५. आज अडीच वर्षं झाली, ८६ ते ८८ मध्ये आहे. तक्त्याप्रमाणे अजूनही "जास्त वजन"च. पण तीन जिने चढून बोलू शकतो आणि रक्तदाबाची गोळी अर्धी झालीय.

संध्याकाळ

जुनीवहींनी लिहिलंय त्यात बायकांसाठी एक भर. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीर पाणी धरतं, माझं एक-दीड किलो सहज वाढतं आणि पाळी आली की चार दिवसांत उतरतं. त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता गेल्या पाळीतल्या त्याच दिवसांशी करा. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोवर दर महिन्याला त्याच आठवड्यात सगळं सोडून द्यायचे.

अबोली४१

संध्याकाळ, अगदी हेच! तारखा आत्ता बघितल्या, पाळी चार दिवसांवर आलीय. इतकी साधी गोष्ट डोक्यातच आली नव्हती.

जुनीवही, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. खरं सांगते, ६ हा आकडा वाचून आधी वाईट वाटलं. वर्गातल्या लोकांना ८० आणि ८६ मधला फरक दिसणारही नाही. मग लक्षात आलं, गोळी सुरू झाली म्हणून मी हे सुरू केलं होतं, स्नेहसंमेलन नंतर त्यात घुसलं. आज रात्री जेवले. साडेअकरा वाजलेत, डबे बंद आहेत. एक विचारायचं राहिलं, ८० झाल्यावर लगेच पुढचे घ्यायचे की थांबायचं?

जुनीवही

थांबायचं. निदान सहा-आठ आठवडे ८० च्या आसपास राहून बघा. त्या दिवसांतही वही आणि चालणं चालूच ठेवा. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवतात ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवले. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या सवयी याच आहेत: नियमित वजन करणं आणि रोज साधारण तासभर हालचाल.

कमरेचं मापही आजच घेऊन ठेवा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. काटा अडला तरी कधीकधी टेप सरकते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी म्हणतात, तुमच्यासाठी ७९ सेंमी. तिथपर्यंत पोचायला वेळ लागेल, आज फक्त लिहून ठेवा.

आणि गोळीचं विसरू नका. वजन उतरताना रक्तदाबही उतरतो, मग तोच डोस जास्त होऊ शकतो. उठताना चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मनाने गोळी न सोडता डॉक्टरांना भेटा. या वेळी आत जाताना वही हातात ठेवा, म्हणजे पुढचा पेशंट दारात असला तरी दोन मिनिटांत सगळं दाखवता येईल.