अंदमानची सहा दिवसांची सहल: स्कूबा डायव्हिंगचे दिवस कसे बसवावेत?

पाणकोंबडी

नमस्कार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, माझे यजमान आणि पंधरा वर्षांचा मुलगा असे तिघे ठाण्याहून अंदमानला जाणार आहोत. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास पोर्ट ब्लेअरला उतरायचे आणि शुक्रवारी सकाळी आठच्या विमानाने परत निघायचे, एवढे ठरलेले असून ही तिकिटे आता बदलता येणार नाहीत. सहल आखून देणाऱ्यांनी दिलेला कार्यक्रम असा आहे: रविवारी सेल्युलर जेल, सोमवारी रॉस बेट आणि नॉर्थ बे, मंगळवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉक आणि संध्याकाळी राधानगरचा किनारा, बुधवारी एलिफंट बीच, गुरुवारी सकाळी स्कूबा आणि दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत.

दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला मी आणि मुलाने वीसेक मिनिटांची बुडी घेतली होती. प्रशिक्षकाने आमचा दंड घट्ट धरलेला होता आणि पाणी गढूळ होते, तरीही मुलाच्या डोक्यातून ते वेड गेलेले नाही. या वेळी हॅवलॉकला रीतसर ओपन वॉटर (म्हणजे डायव्हरच्या पहिल्या पायरीच्या) प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करावा, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. यजमानांना पोहता येत नाही आणि लहानपणी त्यांना दम्याचा त्रास होता. पण एकदा तरी खाली जाऊन पाहावे, अशी त्यांचीही इच्छा आहे.

एवढ्या दिवसांत अभ्यासक्रम बसतो का, आणि गुरुवारी बुडी घेऊन शुक्रवारी सकाळी विमानात बसणे योग्य आहे का, या दोन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. सेल्युलर जेल मात्र वगळता येणार नाही. सासऱ्यांनी सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहून त्यांना फोन करायला सांगितले आहे.

बुडबुडा

हॅवलॉकला मी तीनदा जाऊन आलो आहे आणि पहिल्या खेपेस नेमका असाच कार्यक्रम माझ्याही हाती पडला होता. डायव्हिंग करायचे असेल तर परतीच्या विमानाची वेळ आधी कागदावर लिहावी आणि तिथून मागे मोजत यावे. तुमच्या कार्यक्रमात हे उलटे झाले आहे, कारण तो स्कूबा न करणाऱ्या पर्यटकासाठी बनवलेला असून त्यात स्कूबा शेवटी चिकटवलेले आहे.

कारण थोडक्यात सांगतो. दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातून घेतलेला नायट्रोजन रक्तात व ऊतींत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला कित्येक तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीवरच्या दाबापेक्षा कमी असतो. तो जवळजवळ २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका खाली येऊ शकतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर जे होते, तेच शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे होण्याचा धोका तिथे असतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे की एकच साधी बुडी असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास आणि अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास जाऊ द्यावेत. बरेच प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात आणि मीही तेच पाळतो.

आता हिशेब करा. गुरुवारी अकराला पाण्याबाहेर आलात, तर शुक्रवारी आठपर्यंत २१ तास होतात. म्हणजे यजमानांसारख्याची एकच बुडी असेल तर तुमचा कार्यक्रम चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र प्रमाणपत्रासाठी समुद्रातल्या चार बुड्या लागतात, त्या एका सकाळी होत नाहीत आणि त्या दिवशी वारा सुटला तर सगळी सहल कोरडीच जाईल.

माझ्या मते सोमवारी पहाटेच उठून सकाळच्या पहिल्या बोटीने हॅवलॉक गाठावे. खासगी वेगवान बोटींना दीड ते अडीच तास पुरतात. सोमवारी दुपारी उथळ पाण्यात उजळणी, मंगळवारी दोन बुड्या आणि बुधवारी दोन बुड्या. बुधवारी दुपारी एकपर्यंत काम आटोपले तर विमानापर्यंत तब्बल ४३ तास मिळतात. गुरुवारी सकाळी परतायचे, दुपारी सेल्युलर जेल निवांत पाहायचे आणि संध्याकाळी तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम गाठायचा. नॉर्थ बे सोडून द्या. हॅवलॉकचे पाणी पाहिल्यावर त्याची आठवणही येणार नाही. रविवारची दुपार रॉस बेटासाठी वापरता येईल, पण लक्षात घ्या की अंदमान जवळजवळ ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि घड्याळ मात्र आपलेच, साडेब्याऐंशी अंशांचे. त्यामुळे फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. डायव्हिंगच्या बोटीही याच कारणाने सकाळी लवकर सुटतात.

हे सारे जमण्यासाठी एक अट आहे. अभ्यासक्रमाचा पुस्तकी भाग ठाण्यात असतानाच ऑनलाइन पूर्ण करा आणि शक्य असल्यास मुंबई किंवा पुण्यातल्या एखाद्या प्रशिक्षकाकडे तलावातले धडेही करून त्याचे शिफारसपत्र सोबत न्या. मग हॅवलॉकला समुद्रातल्या चार बुड्याच उरतात. तसे न करता गेलात तर तीन ते चार पूर्ण दिवस लागतील आणि तेवढे तुमच्याकडे नाहीत. पोहण्याची चाचणीही असते: न थांबता २०० मीटर, किंवा मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायांतले वल्हे) लावून ३०० मीटर, आणि शिवाय दहा मिनिटे तरंगणे. मुलगा पंधरा वर्षांचा असल्यामुळे त्याला कनिष्ठ नव्हे, पूर्ण प्रमाणपत्र मिळेल. फक्त पालकांची सही लागेल.

ठिकाणांच्या बाबतीत हाव धरू नका. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे, त्यामुळे डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज यांची नावे कोणी कितीही रंगवून सांगितली तरी ती खोल ठिकाणे तुमच्यासाठी नाहीत. किनाऱ्यावरूनच चालत आत शिरता येणारे निमो रीफ आणि बोटीने गाठायचे लाइटहाउस ही शिकण्यासाठी उत्तम ठिकाणे आहेत.

कर्णधार

मी कान, नाक, घशाचा डॉक्टर आहे आणि हौशी डायव्हरही आहे. वेळापत्रकाबद्दल बुडबुडा यांच्याशी सहमत आहे; यजमानांच्या दम्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

डायव्हिंगपूर्वी वैद्यकीय प्रश्नावली भरून द्यावी लागते आणि हा नियम अभ्यासक्रमाप्रमाणेच वीस मिनिटांच्या ओळखीच्या बुडीलाही लागू असतो. दम्याच्या प्रश्नाला "होय" असे उत्तर दिले तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. किनाऱ्यावर ओले कपडे घालून उभे असताना हा कागद पुढे येतो, मागे रांग असते आणि मग बहुतेक जण सगळीकडे "नाही" लिहून मोकळे होतात. कृपया असे करू नका. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावल्या तर फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना त्याच हवेचे आकारमान दुप्पट होते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर फुप्फुसाला इजा होते. बालपणी दमा होता म्हणून आजन्म मनाई, असे मात्र नाही. छातीच्या विकारतज्ज्ञांकडून श्वासक्षमतेची तपासणी आत्ताच करून घ्या आणि त्यांचा निर्णय, तो काहीही असो, शेवटचा माना.

कानांविषयीही सांगतो, कारण माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या बुड्या शार्कच्या भीतीपेक्षा कानांमुळेच जास्त वाया जातात. पहिल्या काही मीटरमध्येच हवेचे आकारमान सर्वांत वेगाने बदलते. त्यामुळे दुखू लागण्याची वाट न पाहता, पाण्यात शिरल्यापासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत कानांतला दाब सारखा करत राहावा. जमले नाही तर जोर न लावता एक मीटर वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. सर्दी असेल तर बुडी रद्द करा. नाक मोकळे करणारे औषध घेऊन खाली गेलात आणि त्याचा असर पाण्यातच उतरला, तर वर येताना हवा कोंडते, आणि ते जाताना कान दुखण्यापेक्षा वाईट. बोट लागते म्हणून गोळी घेणार असाल तर ती डॉक्टरांना विचारून आधी घरी एकदा घेऊन पाहा; यातल्या अनेक गोळ्यांनी चांगलीच गुंगी येते.

घाटमाथा

माझे मत थोडे वेगळे आहे. मी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला हॅवलॉकला जाऊन हाच अभ्यासक्रम केला. प्रमाणपत्र मिळाले, पण पाच दिवसांतले तीन दिवस मी पाण्याखाली गुडघ्यांवर बसून मास्कमध्ये पाणी भरत आणि काढत होतो. प्रवाळ मी ओझरतेच पाहिले, आणि पत्नीने राधानगरचा सूर्यास्त एकटीने पाहिला, हे मला अजूनही ऐकावे लागते.

आपल्या घराजवळच सोय असताना अंदमानातला महागडा दिवस शिकण्यात का घालवावा? तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे जानेवारीत एखादा लांबचा शनिवार-रविवार धरून प्रमाणपत्र पूर्ण केले, तर हॅवलॉकला तुम्ही शिकाऊ म्हणून नव्हे, डायव्हर म्हणून उतराल. कर्ली नदीचे मुख आणि किनाऱ्याची वाळू यांमुळे तिथे पाणी स्वच्छ मिळेलच असे नाही, हे खरे. पण हाताच्या अंतरावरचे दिसत नसताना जो शिकला, तो हॅवलॉकच्या निळ्या पाण्यात अगदी आरामात वावरतो.

यजमानांना डॉक्टरांनी मनाई केली तर त्यांना किनाऱ्यावर पिशव्या सांभाळायला बसवू नका. एलिफंट बीचला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येते आणि पोहता न येणाऱ्यालाही कंबरेएवढ्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर मासे दिसतात.

पाणकोंबडी

सर्वांचे मनापासून आभार. कार्यक्रम बदलायला सांगितल्यावर सहलवाल्यांनी आधी "सगळे असेच जातात" असे उत्तर दिले, पण हॉटेलच्या रात्री उलटसुलट करायला अखेर ते तयार झाले. यजमानांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तारकर्लीची सूचना पटली, पण मुलाची दहावीची सराव परीक्षा जानेवारीत आहे आणि मंडळाची परीक्षा मार्चमध्ये. त्यामुळे पुस्तकी भाग आणि तलावातले धडे डिसेंबरातच मुंबईत करून घेऊ. (परीक्षेच्या तोंडावर अंदमान कशाला, असे कृपया कोणी विचारू नये. ते आजीने विचारून झाले आहे.)

डायव्हिंग केंद्र निवडताना नेमके काय विचारावे, एवढीच शंका राहिली आहे. संकेतस्थळांवर सगळीच केंद्रे सारखी दिसतात.

बुडबुडा

दर सर्वांत शेवटी विचारा. आधी हे विचारा की एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण असतील. ओळखीच्या बुडीत चार ही वरची मर्यादा धरली जाते, पण पोहता न येणाऱ्या माणसासाठी एकास एक हेच योग्य. बोटीवर प्राणवायूचे सिलिंडर आणि ते देता येणारी व्यक्ती असते का, हेही विचारा. या प्रश्नाला समोरचा अडखळला तर दुसरे केंद्र पाहा. वारा जास्त असल्यास पैसे परत मिळतात की दिवस बदलून मिळतो, हे लेखी घ्या. माझ्या पहिल्या खेपेस एका केंद्राने खवळलेल्या समुद्रातही बोट सोडली, केवळ पैसे परत करावे लागू नयेत म्हणून. सहा जणांपैकी चार जण रेलिंगला लटकले होते आणि पाण्यात कोणालाच काही दिसले नाही.

पाण्यात गेल्यावर हवेच्या काट्याकडे स्वतः लक्ष ठेवा. सिलिंडर साधारण २०० बारला (बार हे दाबाचे एकक) भरलेला असतो आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर पोचलेले असायचे, असा प्रघात आहे. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. नवशिका हवा भराभर संपवतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माझी पहिली बुडी पंचवीस मिनिटांत आटोपली होती.

आणि प्रवाळाला टेकू नका. २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे अंदमानातल्या प्रवाळाचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले (म्हणजे रंग जाऊन ते पांढरे पडले), २०१६ मध्ये पुन्हा तडाखा बसला, आणि आज तिथे जे दिसते त्यातले बरेचसे त्यानंतर हळूहळू उभे राहिलेले आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो.

पाणकोंबडी

तपासणी झाली. छातीच्या डॉक्टरांनी यजमानांना बुडीची परवानगी दिली नाही. व्यायामानंतरच्या चाचणीत श्वासनलिका थोड्या आकुंचन पावलेल्या आढळल्या, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. ते एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करतील. सोमवारची सकाळची बोट आणि गुरुवारी सकाळची परतीची बोट अशी दोन्ही तिकिटे काढली आहेत. गुरुवारी दुपारी तीन वाजता सेल्युलर जेलमधून ठाण्याला फोन जाईल, असे सासऱ्यांना कळवले आहे.