ब्रेट हार्ट विरुद्ध शॉन मायकल्स : मॉन्ट्रियलमध्ये फसवणूक नेमकी कशाची झाली?

दुहेरी_पट
कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या १९९७ मधल्या लढतीची क्लिप सगळीकडे फिरते, पण ती अर्धीच असते. शॉन पकड लावतो, घंटा वाजते, ब्रेट कंपनीचा मालक विन्स मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकतो, खलास. त्यावरून काहीच कळत नाही. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेले असतात, मग इथे फसवणूक कशाची झाली? ब्रेट डब्ल्यूडब्ल्यूएफ ही कंपनी सोडून चाललाच होता, तर जाता जाता हरायला हरकत काय होती? दोघांचं खरं वैर कधीपासूनचं? आणि मुळापासून पाहायचं तर कुठल्या लढती, कुठल्या क्रमानं, आणि त्यात बघायचं काय? 'सगळं नाटक होतं' एवढंच उत्तर कृपया नको.

तालीम_आणि_माती
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचं आपोआप सुटतं.

आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती शिवी समजली जाते. तिकडे धंदाच नुरा कुस्तीचा आहे, म्हणून त्यातला प्रामाणिकपणा वेगळ्या जागी असतो. दोन पैलवान शेवट आधी मान्य करतात आणि मग आपलं शरीर एकमेकांच्या हातात देतात. डोक्यावर आपटून घेताना मान मोडू नये ही जबाबदारी आपटणाऱ्याची. हा विश्वास हेच तिथलं भांडवल. मॉन्ट्रियलला जो शेवट ठरला होता तो एकाला न सांगता बदलला, आणि तोही तो प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत असताना. फसवणूक ती.

दुसरी गोष्ट, हरणं म्हणजे तिथलं चलन आहे. मोठा पैलवान लहानाकडून पाठ टेकवून घेतो तेव्हा तो आपलं वजन त्याला देत असतो. आज मी तुझ्यासाठी पडलो, उद्या तू माझ्यासाठी पड, हा अलिखित हिशेब. ब्रेट आणि शॉनचं भांडण या हिशेबावरून आहे. १९९६ मध्ये ब्रेट शॉनसाठी हरला. परतफेड झाली नाही. ब्रेटच्या सांगण्यानुसार १९९७ च्या शरद ऋतूत त्यानं शॉनला तोंडावर सांगितलं की कंपनीनं सांगितलं तर मी तुझ्याकडून हरेन, आणि शॉननं उत्तर दिलं की मी तुझ्यासाठी हे करणार नाही. त्या उत्तरानंतर आपल्याच देशात, कॅनडातल्या प्रेक्षकांसमोर त्याच माणसाकडून हरून विजेतेपदाचा पट्टा घालवायला ब्रेट तयार नव्हता. इतर कुणाकडून, इतर ठिकाणी हरायला त्याची ना नव्हती.

आणि हा नुसता रुसवा नव्हता. त्याच्या करारात शेवटच्या ३० दिवसांसाठी आपल्या कथानकावर वाजवी नियंत्रण असं कलम होतं. म्हणजे नाही म्हणण्याचा हक्क कागदावर होता.

शिडी_खालून
क्रमाबद्दल. दोघंही जोडीच्या लढतींतून वर आलेले. ब्रेट 'हार्ट फाउंडेशन'मधून, शॉन 'रॉकर्स'मधून. तिथपासून पाहिलंत तर उत्तम, पण एकेरी वैर समजायला चार लढती पुरेशा आहेत.

२१ जुलै १९९२, पोर्टलंड, मेन राज्य. डब्ल्यूडब्ल्यूएफमधली पहिली शिडीची लढत. पट्टा रिंगच्या वर टांगलेला, शिडी चढून जो काढेल तो विजेता. ही कल्पना ब्रेट कॅलगरीहून, वडिलांच्या स्टॅम्पीड रेसलिंगमधून घेऊन आला होता. इंटरकॉन्टिनेंटल (दुय्यम विजेतेपदाचा) पट्टा ब्रेटकडे होता आणि त्यानंच राखला. ही लढत तेव्हा फक्त व्हिडिओ कॅसेटसाठी चित्रित झाली, त्यामुळे फार कुणी पाहिली नाही. पुढे मार्च १९९४ मध्ये रेसलमेनिया १० या कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात शॉन विरुद्ध रेझर रॅमोन ही शिडीची लढत गाजली आणि शिडी म्हटलं की शॉनचं नाव असं होऊन बसलं. ब्रेटला हे कायम लागलं. दोन्ही लढती लागोपाठ पाहा. पहिलीत शिडी हे चढायचं साधन आहे, दुसरीत ती हत्यार झालेली आहे.

२५ नोव्हेंबर १९९२, सर्व्हायव्हर सिरीज, रिचफिल्ड, ओहायो. आता ब्रेट मुख्य विजेता आणि शॉन इंटरकॉन्टिनेंटल. ब्रेट शार्पशूटर या आपल्या खास पकडीनं जिंकला. राक्षसी देहांच्या जमान्यात कंपनी दोन मध्यम बांध्याच्या माणसांवर मुख्य लढत लावते, हे त्या काळात नवीन होतं. ट्रम्प कार्डांचे पत्ते खेळलेल्यांना आठवेल, वजन आणि उंचीच्या रकान्यात हे दोघे कायम हरायचे.

३१ मार्च १९९६, रेसलमेनिया १२, अनाहाइम. ६० मिनिटांची आयर्न मॅन लढत, जास्त वेळा पाडेल तो विजेता. ६० मिनिटांनंतर गुणफलक ०-०. वेळ संपते तेव्हा शॉन शार्पशूटरमध्ये अडकलेला आहे पण हार मानत नाही. ब्रेट पट्टा घेऊन निघतो, कंपनीचा पडद्यावरचा अध्यक्ष गोरिला मॉन्सून 'निकाल लागेपर्यंत लढा' असा हुकूम देतो आणि दोन मिनिटांच्या आत शॉनची लाथ हनुवटीवर बसते. एक तास एकही गुण नाही म्हणून बऱ्याच जणांना ही लढत कंटाळवाणी वाटते. माझ्या मते ती पाहण्याची पद्धत चुकते. पहिली २० मिनिटं फक्त पकडी आहेत, शॉन ब्रेटचा हात धरून बसतो. ब्रेट नंतर शॉनच्या पाठीवर काम करतो, कारण शार्पशूटरचा सगळा भार कमरेवर येतो. शेवटच्या मिनिटातली ती पकड आधीच्या अर्ध्या तासामुळे भीतिदायक वाटते.

चौथी मॉन्ट्रियल, ९ नोव्हेंबर १९९७, पुन्हा सर्व्हायव्हर सिरीज.

तालीम_आणि_माती
तिसरी आणि चौथी यांच्या मधलं दीड वर्ष गाळू नका, खरा कडवटपणा तिथेच वाढला.

रेसलमेनिया १२ नंतर ब्रेट काही महिने बाहेर राहिला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये २० वर्षांचा करार करून परतला. रेसलमेनिया १३ ला शॉननं हरून हिशेब पुरा करावा अशी त्याची अपेक्षा होती. १३ फेब्रुवारी १९९७ ला लोवेल, मॅसॅच्युसेट्समध्ये शॉननं गुडघ्याच्या दुखापतीचं कारण देऊन आणि 'माझं हसू हरवलंय' म्हणून पट्टा सोडून दिला. दुखापत किती खरी यावर आजही वाद होतात. ब्रेटचा विश्वास तिथेच उडाला.

त्या रेसलमेनियात ब्रेट मग स्टीव्ह ऑस्टिनशी लढला. रक्तबंबाळ ऑस्टिन हार न मानता बेशुद्ध पडला, ब्रेट थांबला नाही, आणि एकाच लढतीत नायक खलनायक झाला, खलनायक नायक. तिथून ब्रेटचं अमेरिकेविरुद्ध कॅनडा हे कथानक सुरू होतं. अमेरिकेत त्याच्यावर शिव्यांचा पाऊस आणि कॅलगरीत तो देव. ६ जुलै १९९७ चा कॅलगरीतला कॅनेडियन स्टॅम्पीड हा कार्यक्रम पाहिल्याशिवाय मॉन्ट्रियलचा आवाज कळणार नाही.

मे महिन्यात शॉननं थेट प्रक्षेपणात ब्रेटच्या खासगी आयुष्यावर गलिच्छ शेरा मारला. ब्रेट घरसंसार असलेला माणूस, घरी पोरंबाळं टीव्ही बघतात. जूनमध्ये हार्टफर्डला ड्रेसिंग रूममध्ये दोघांची खरी मारामारी झाली, शॉनचे केस उपटले गेले. शॉन 'इथे काम करणं सुरक्षित नाही' म्हणून निघून गेला आणि काही आठवड्यांनी परतला. ३ ऑगस्टच्या समरस्लॅमला कंपनीनं त्यालाच ब्रेट विरुद्ध अंडरटेकर लढतीचा पंच केलं. ब्रेट त्याच्यावर थुंकला, शॉननं खुर्ची फिरवली, ती बसली अंडरटेकरला, आणि ब्रेट पाचव्यांदा विजेता झाला. खऱ्या रागाला कथानकात जुंपायचं हे कंपनीचं धोरण होतं आणि त्याची किंमत नोव्हेंबरमध्ये चुकवावी लागली.

चौथा_दोर
मॉन्ट्रियल कसं पाहायचं ते सांगतो. आधी शार्पशूटर समजून घ्या, सगळा खेळ त्यावर आहे.

प्रतिस्पर्धी पाठीवर पडलेला. त्याचे दोन्ही घोटे धरायचे. आपला एक पाय त्याच्या दोन पायांच्या मधून आत टाकायचा. त्याच्या नडग्या आपल्या त्या पायाभोवती गुंडाळून एकमेकींवर टाकायच्या आणि काखेत घट्ट दाबायच्या. मग दुसरा पाय त्याच्या अंगावरून पलीकडे टाकत त्याला पोटावर उलटवायचं आणि मागे रेलून बसायचं. आतला पाय नीट बसला नाही तर पकड ढिली पडते आणि खालच्याला तो ओढून वरच्याला पाडता येतं. जपानमध्ये रिकी चोशू आणि अमेरिकेत स्टिंग हीच पकड वापरायचे, पण इतक्या सफाईनं ती ब्रेटच लावत असे.

ठरलं होतं असं: गोंधळात पंच अर्ल हेबनर खाली पडेल. शॉन ब्रेटचीच पकड ब्रेटला लावेल. ब्रेट शॉनचा पाय ओढून ती उलटवेल. मग दोन्ही बाजूंची माणसं रिंगमध्ये घुसतील आणि लढत अपात्रतेत संपेल. अपात्रतेनं पट्टा हस्तांतरित होत नाही, हा नियम इथे महत्त्वाचा. ब्रेट विजेता म्हणूनच मॉन्ट्रियलमधून बाहेर पडेल आणि नंतर पट्टा सन्मानानं सोडेल.

आता प्रत्यक्ष चित्र बघा. लढत बारा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे मुख्य लढतीच्या मानानं लहानच. विन्स मॅकमॅहन समालोचनाच्या टेबलावर नाही, रिंगला खेटून उभा आहे. शॉन पकड लावतो. हेबनर उठतो आणि जवळजवळ लगेच घंटेची खूण करतो, म्हणजे जणू ब्रेटनं हार मानली. विन्स घंटा वाजवणाऱ्यावर ओरडतो. त्या क्षणी ब्रेटचे हात बघा: तो हार मानल्याच्या थापा जमिनीवर मारत नाहीये, तो शॉनच्या पायाकडे हात नेतोय, म्हणजे ठरलेला उलटा डाव करतोय. चेहऱ्यावर वेदनेचा अभिनयही अजून पुरता आलेला नाही. हेबनर रिंगमधून थेट बाहेर पळतो, गाडी तयार होती. शॉन रागावल्याचा आव आणत पट्टा घेऊन जातो. प्रक्षेपण घाईघाईनं बंद होतं. ब्रेटनं हवेत बोटानं डब्ल्यूसीडब्ल्यू (तो जाणार होता ती प्रतिस्पर्धी कंपनी) असं लिहिलं आणि यंत्रं फोडली ते टीव्हीवर गेलंच नाही. नंतर ड्रेसिंग रूममध्ये त्यानं विन्सला एका ठोशात खाली पाडलं.

नाक्यावरचा_मल्ल
पण विन्सची बाजूही सांगा की. डिसेंबर १९९५ मध्ये अलुंड्रा ब्लेझनं डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला विजेतेपदाचा पट्टा प्रतिस्पर्धी चॅनेलवर, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. १९९७ मध्ये नायट्रो दर सोमवारी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रॉ या कार्यक्रमाला मागे टाकत होतं. सर्व्हायव्हर सिरीजच्या दुसऱ्याच दिवशी डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रमुख एरिक बिशॉफ जाहीर करू शकला असता की तुमचा विजेता आता आमचा. मालकानं धोका का पत्करावा? आणि २० वर्षांचा करार परवडत नाही, डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोल, हे विन्सनंच ब्रेटला सांगितलं होतं, तेही प्रामाणिकपणे.
माझी शंका वेगळीच आहे. ब्रेटसुद्धा सामील असावा. इतकं नेमकं प्रकरण, वर ब्रेटवर माहितीपट करणाऱ्यांचा कॅमेराही हजर?

चौथा_दोर
विन्सची भीती खोटी नव्हती, हे मान्य. पण ब्रेटचा करार डिसेंबरपर्यंत होता आणि दुसऱ्या दिवशीच्या ऑटावातल्या रॉमध्ये पट्टा सोडायला तो तयार होता. उपाय हातात असताना फसवणूक निवडली, म्हणून मी विन्सला सूट देत नाही.

ब्रेट सामील असल्याचं मला पटत नाही. माहितीपटवाले जवळपास वर्षभर त्याच्या मागे होते, त्या रात्रीसाठी बोलावलेले नव्हते. लढतीच्या आधी विन्सशी झालेल्या बोलण्याच्या वेळी ब्रेटच्या अंगावर माइक होता, त्यात विन्स अपात्रतेच्या शेवटाला होकार देताना ऐकू येतो. नाटकच असतं तर स्वतःला खोटारडा ठरवणारा पुरावा मालकानं बाहेर जाऊ दिला नसता. शिवाय ब्रेटच्या गटातले डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नाइडहार्ट ब्रेटच्या मागोमाग बाहेर पडले. शॉनच्या गटातल्या रिक रूडनं तर १७ नोव्हेंबरला कमाल केली: रॉ आधी चित्रित झालेलं, नायट्रो थेट, त्यामुळे तो एकाच रात्री दोन्ही चॅनेलवर दिसला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शॉन. त्यानं वर्षानुवर्षं काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं आणि नंतर कबूल केलं की माहीत होतं.

दुहेरी_पट
चित्र लख्ख झालं. एकच राहिलं: यात कुणाचं भलं झालं? आणि मिटलं कसं?

शिडी_खालून
भलं विन्सचं झालं. १७ नोव्हेंबरच्या मुलाखतीत त्यानं 'ब्रेटचा घात ब्रेटनंच केला' असं सांगितलं आणि लोक त्याचा मनापासून द्वेष करू लागले. तो द्वेष त्यानं दुष्ट मालक मिस्टर मॅकमॅहन या पात्रात ओतला, समोर ऑस्टिनला उभं केलं, आणि १३ एप्रिल १९९८ ला रॉनं नायट्रोची ८३ आठवड्यांची सलग आघाडी मोडली. पट्टा मिळवलेल्या शॉनला मात्र जानेवारी १९९८ मध्ये अंडरटेकरविरुद्धच्या कास्केट (शवपेटीच्या) लढतीत पाठीची मोठी दुखापत झाली. मार्चमध्ये ऑस्टिनकडून हरून तो चार वर्षांहून अधिक काळ रिंगबाहेर गेला.

ब्रेटच्या वाट्याला फक्त नुकसान आलं. डब्ल्यूसीडब्ल्यूला त्याचं काय करायचं ते कधी कळलंच नाही. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत धाकटा भाऊ ओवेन डब्ल्यूडब्ल्यूएफच्याच कार्यक्रमात छतावरून खाली उतरताना पडून गेला. त्याच डिसेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यूच्या गोल्डबर्गची लाथ डोक्यात बसली आणि ब्रेटची कारकीर्द आटोपली. २००२ मध्ये पक्षाघात.

समेट ४ जानेवारी २०१० ला, डेटन, ओहायो इथल्या रॉमध्ये. ब्रेटनं शॉनला बोलावलं, दोघं बोलले, हात मिळवले, मग मिठी मारली. क्लिप पाहताना आवाज बंद करू नका: शॉन जवळ येताना अख्खं सभागृह लाथेची वाट बघत श्वास रोखून आहे. त्याच रात्री विन्सनं मात्र ब्रेटला लाथ मारली, म्हणजे पुढच्या कथानकाची पेरणी, आणि २८ मार्चला रेसलमेनिया २६ मध्ये ब्रेटनं त्याला शार्पशूटर लावून हार मानायला लावली. २०११ मध्ये दोघांना समोरासमोर बसवून समालोचक जिम रॉसनं घेतलेली दीर्घ मुलाखत डीव्हीडीवर आली. चारही लढती पाहून झाल्यावर ती लावा, आधी नको. हार्टफर्डची मारामारी दोघं कशी वेगवेगळी सांगतात ते तेव्हाच नीट कळतं.