मदत हवी आहे: भावाचा आंतरविद्यापीठ कुस्तीचा अर्ज ‘पात्रता बसत नाही’ म्हणून परत आला

रामबागवासी:
माझा धाकटा भाऊ इंदूरमध्ये महाविद्यालयात शिकतो आणि फ्रीस्टाइल कुस्ती खेळतो. गेल्या हंगामात त्याने विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी भरलेला अर्ज महाविद्यालयाच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी ‘पात्रता बसत नाही’ एवढाच शेरा मारून परत केला, आणि यंदाही तेच होईल, असे आताच ऐकवले आहे. कारण विचारले तर ‘नियम वाचा’ असे उत्तर मिळते. कोणते नियम आणि ते कुठे वाचायचे, हे कोणी सांगत नाही. त्याच्या वजनात ज्या मुलाला पाठवले, त्याला माझ्या भावाने मैदानात चीतपट केलेले आहे, त्यामुळे हा सरळ वशिल्याचा प्रकार आहे, याविषयी मला शंका नाही. दाद कोणाकडे मागावी, एवढेच कृपया सांगा. चाचण्या जवळ येत आहेत, म्हणून लवकर उत्तर द्यावे.

थेट सांगतो:
दादा, सरळ १८१ वर मुख्यमंत्री हेल्पलाइनला तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आमच्या वसाहतीतील नळजोडणीचे काम वर्षभर अडले होते, ते तक्रार गेल्यावर आठवड्यात झाले. लेखी विचारल्याशिवाय ही मंडळी हलत नाहीत.

लष्करकर (ग्वाल्हेर):
तक्रारीची घाई करू नका, कारण आपण दिलेल्या माहितीवरून तो पात्र आहे की नाही, हेच सांगता येत नाही. त्याची जन्मतारीख काय, बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झाला, कोणत्या अभ्यासक्रमाला आहे, वजन किती आणि याआधी दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळला आहे का, एवढे लिहा. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांनुसार १ जुलै रोजी खेळाडूचे वय १७ पेक्षा जास्त आणि २५ पेक्षा कमी असावे लागते, शिवाय पदवीच्या प्रवेशासाठीची परीक्षा, म्हणजे बारावी, उत्तीर्ण होऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. बहुतेक अर्ज या दोन अटींवरच अडकतात.

रामबागवासी:
मी दादा नाही, ताई आहे. जन्म नोव्हेंबर २००२ चा. बारावी २०२० मध्ये झाली. मध्ये दोन वर्षे तो कोल्हापूरला तालमीत होता, पण तिथे कोणत्याही महाविद्यालयात नाव घातलेले नव्हते. नंतर इंदूरला परत येऊन बीए केले, ते यंदा पूर्ण झाले. वजन ७३ ते ७४ किलो असते. वय बसते, आठ वर्षेही झालेली नाहीत, दुसऱ्या विद्यापीठाकडून तो खेळलेला नाही. आता तरी मान्य कराल ना, की हा वशिलाच आहे?

गंगावेशचा पाहुणा:
ताई, मुलगा कोल्हापूरच्या मातीत तयार झालेला असेल, तर त्याला विद्यापीठाच्या कागदपत्रांत कशाला अडकवता? इकडे परत पाठवा आणि महाराष्ट्र केसरीची तयारी करू द्या. जत्रेच्या मैदानांवर इनामाची रक्कमही मिळते आणि नावही होते. कागदावरच्या पदकाला आमच्याकडे कोणी विचारत नाही.

जुना पंच:
महाराष्ट्र केसरी किताबाचा खुला गट ८६ ते १२५ किलोंचा असतो आणि हा मुलगा ७४ किलोंचा आहे. शिवाय तो मध्य प्रदेशचा रहिवासी आहे. हा सल्ला कुस्तीवरील प्रेमापोटी दिलेला आहे, हे मला मान्य आहे, पण तो या मुलाच्या कामाचा नाही.

ताई, आपण वय सांगितले, वर्षे सांगितली, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. त्याने बीए नियमित विद्यार्थी म्हणून केले की प्रायव्हेट?

रामबागवासी:
प्रायव्हेट. सकाळ-संध्याकाळ तालीम असल्यामुळे रोज वर्गात बसणे त्याला शक्यच नव्हते. पण परीक्षा त्याच विद्यापीठाची, गुणपत्रिका त्याच विद्यापीठाची आणि अर्ज भरायचे केंद्रही तेच महाविद्यालय. त्याचा इथे काय संबंध?

जुना पंच:
सगळा संबंध तिथेच आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत फक्त नियमित, पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच उतरता येते. आपल्याकडे ज्यांना स्वाध्यायी म्हणतात ते, दूरशिक्षणाचे, किंवा ज्यांचा प्रवेश अजून तात्पुरता आहे असे विद्यार्थी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करू शकत नाहीत. पदवी तीच असली तरी महाविद्यालयाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते, आणि पात्रता पत्रकावर प्राचार्य सही करतात ती त्या पटाच्या आधारावर. अपात्र खेळाडू सापडला, तर त्याचे पदक जाते आणि संघाच्या गुणांनाही फटका बसतो, म्हणून क्रीडा अधिकाऱ्यांनी अर्ज पुढे पाठवला नाही. त्यांनी हे दोन वाक्यांत समजावून सांगायला हवे होते, एवढी तक्रार मात्र न्याय्य आहे.

थेट सांगतो:
म्हणजे नियमच चुकीचा आहे. ज्याला वर्गात बसायला वेळ नाही, तोच खरा खेळाडू असतो. तक्रार तरीही करावी, असे माझे मत आहे.

लष्करकर:
नियम चुकीचा असेल तर तो बदलण्यासाठी तक्रार करा, पण त्यात या मुलाचा हंगाम निघून जाईल. आकडेमोड त्याच्या बाजूने आहे, तिकडे लक्ष द्या. १ जुलै २०२६ रोजी तो २३ वर्षांचा असेल आणि १ जुलै २०२७ रोजी २४ वर्षांचा. २०२८ मध्ये मात्र तो २५ पूर्ण केलेला असेल आणि दार बंद होईल. म्हणजे त्याच्या हातात दोनच हंगाम आहेत, आणि एमएचा नियमित अभ्यासक्रमही दोनच वर्षांचा असतो. बीए संपलेलेच आहे, तेव्हा ई-प्रवेशच्या पोर्टलवर एमए प्रथम वर्षासाठी नोंदणी करावी. पहिल्या फेऱ्या निघून गेल्या असतील, तर महाविद्यालय स्तरावरच्या सीएलसी फेरीत जागा मिळू शकते. एमएही प्रायव्हेट भरण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्या.

रामबागवासी:
तोच विचार होता. अर्जही आणून ठेवला आहे.

छत्रीबागचा मल्ल:
जन्मदाखला खरा आहे ना? विचारले म्हणून राग मानू नका. २०२५ मध्ये राष्ट्रीय महासंघाने बनावट जन्मदाखल्यांवरून अनेक मल्लांना निलंबित केले, त्यानंतर सगळीकडे कागद बारकाईने तपासले जातात. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला या तिन्हींवरची तारीख एकच आहे, हे आधी पाहून घ्या.

रामबागवासी:
राग आलाच. तारीख तिन्हींवर एकच आहे. त्याच्या जन्माच्या वेळी मी रुग्णालयात हजर होते, याहून अधिक पुरावा माझ्याकडे नाही.

आता दुसरा प्रश्न विचारते. नियमित प्रवेश घेतला, तर यंदा त्याला संधी किती आहे? तो म्हणतो की ६५ किलोत उतरेन, कारण ते ऑलिम्पिकचे वजन आहे. शिवाय २३ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेतही त्याला उतरायचे आहे.

जुना पंच:
२३ वर्षांखालील गटाचे आधी सांगतो. त्या गटात जन्मतारीख पाहत नाहीत, जन्मवर्ष पाहतात. २०२६ मध्ये त्यासाठी २००३ किंवा त्यानंतरचा जन्म हवा. तुमचा भाऊ दोन महिन्यांनी हुकला. आता त्याच्यासाठी वरिष्ठ गट आणि विद्यापीठ, एवढेच मार्ग उरतात.

६५ किलोंचा विचार मला पटत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत ५७, ६१, ६५, ७०, ७४ आणि पुढची अशी फ्रीस्टाइलची दहाही वजने असतात; तिथे फक्त ऑलिम्पिकच्या सहाच वजनांत लढायचे, असे बंधन नाही. प्रत्येक वजनात विद्यापीठाचा एकच मल्ल जातो, त्यामुळे खरी पहिली लढत घरच्या चाचणीतच असते. ७४ किलोंचा मुलगा ७० मध्ये नीट उतरेल. ६५ मध्ये उतरला तर अंगातले पाणी आणि ताकद दोन्ही काढून उतरेल.

गंगावेशचा पाहुणा:
पंचांशी आदराने असहमत आहे. चार-पाच किलो तर आमच्याकडे मुले आदल्या रात्री कमी करतात. लघवीची गोळी, प्लॅस्टिकचा सूट आणि थुंकत धावणे, एवढे पुरेसे असते.

छत्रीबागचा मल्ल:
ती गोळी मुलाला सुचवू नका. फ्युरोसेमाईडसारखी मूत्रल औषधे प्रतिबंधित यादीत आहेत, आणि नमुन्यात सापडली तर दोन वर्षांची बंदी येऊ शकते. या मुलाकडे एकूण दोनच वर्षे आहेत. पूर्वी वजन आदल्या दिवशी होत असे, तेव्हा रात्रभर खाऊन-पिऊन ताकद परत यायची. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होते आणि अंतिम किंवा रेपेचाज (अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळणारी) लढत दुसऱ्या दिवशी असेल, तर पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते. अमन सहरावतने पॅरिसमध्ये ५७ किलोत कांस्यपदक जिंकले, आणि तोच मल्ल २०२५ च्या जागतिक स्पर्धेत झाग्रेबला १.७ किलो जास्त भरल्यामुळे लढतीविना बाहेर पडला. त्याच्यामागे प्रशिक्षक, वैद्य आणि आहारतज्ज्ञ सगळे होते.

बदामवाला:
खुराकाविषयी कोणीच लिहिले नाही. भिजवलेले बदाम, काळी मिरी, खसखस आणि बडीशेप यांची थंडाई दुधात घोटून दिल्यास वजन आपोआप योग्य जागी येते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, उशिरा काय काय खाल्ले जाते, त्यावरही नियंत्रण ठेवावे.

लष्करकर:
बदामवाले, वजन उतरवायचे आहे आणि आपण दुधात बदाम घोटायला सांगत आहात. सराफ्याविषयीचा सल्ला तेवढा घ्यावा.

ताई, वजनापेक्षा मला मातीची काळजी अधिक वाटते. दोन वर्षे कोल्हापुरात आणि त्यानंतर मैदाने, म्हणजे हा मुलगा चीतपट करण्यासाठी घडलेला आहे. गादीवर कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. वर्तुळाबाहेर पाय गेला की प्रतिस्पर्ध्याला एक गुण, ताबा घेतला की दोन, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. मातीतली जुनी सवय अशी की, आधी समोरच्याचा अंदाज घ्यायचा, त्याला दमवायचे आणि मग डाव टाकायचा. गादीवर अंदाज घेत उभे राहिलात, तर निष्क्रियतेची ताकीद मिळते, मग ३० सेकंदांचे घड्याळ लागते आणि त्यात गुण घेतला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठासारख्या ठिकाणची मुले लहानपणापासून गादीवर वाढलेली असतात आणि या घड्याळाचा उपयोग करून घेतात. त्याचा गादीवरचा सराव किती आहे?

रामबागवासी:
आठवड्यातून दोन दिवस. बाकी माती.

गंगावेशचा पाहुणा:
मातीला कमी लेखू नका. खाशाबा जाधव मातीतलेच होते आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयातलेच होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक त्यांनीच आणले.

जुना पंच:
खाशाबांचेच उदाहरण घ्यायचे, तर ते पूर्ण घ्यावे. १९४८ मध्ये लंडनला ते गादीच्या कुस्तीला नवखे होते आणि सहावे आले. त्यानंतर चार वर्षे त्यांनी त्या पद्धतीची तयारी केली, वजनगटही बदलला, तेव्हा हेलसिंकीचे पदक आले. मातीने त्यांना ताकद आणि डाव दिले, यात वाद नाही.

ताई, संधीविषयी स्पष्ट लिहितो. गादीवरचा सराव आठवड्यातून पाच दिवस झाला आणि तो ७० किलोत लढला, तर विद्यापीठाच्या संघात येण्याची त्याची शक्यता चांगली आहे. अखिल भारतीय पातळीवर पहिल्याच वर्षी पदकाची अपेक्षा धरू नका. दुसरे वर्ष त्यासाठी आहे. पण नुसते संघात येणेही वाया जात नाही. केंद्र सरकारच्या गट क पदांवरील खेळाडू भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडूही विचारात घेतला जातो, आणि कुस्तीचा त्या यादीत समावेश आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत जाण्याचा रस्ताही याच स्पर्धेतील क्रमांकावरून निघतो.

रामबागवासी:
गट क चे हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. वडिलांना वाचून दाखवले, त्यांना पदकापेक्षा तेच अधिक आवडले. भाऊ मात्र हजेरीवर अडून बसला आहे. नियमित प्रवेश म्हणजे ७५ टक्के हजेरी, आणि मग तालीम कधी करायची, असे त्याचे म्हणणे आहे. स्पर्धेच्या नावाखाली सवलत मिळते ना?

लष्करकर:
प्रत्यक्ष स्पर्धेच्या आणि शिबिराच्या दिवसांसाठी सवलत मागता येते, रोजच्या सरावासाठी नाही. यावर उपाय प्रवेश घेतानाच करायचा असतो. ज्या महाविद्यालयात एमएचे तास दुपारच्या आत-बाहेर असतात, असे महाविद्यालय निवडा. नाव किती मोठे आहे, हे पाहू नका. पहाटेची तालीम, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी गादी, असे इंदूरमध्ये सहज जमते, कारण अंतरे फार नाहीत. विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटा आणि वर्षाचे स्पर्धावेळापत्रक लेखी द्या.

थेट सांगतो:
आणि सवलत नाकारली तर १८१ आहेच.

जुना पंच:
तेही असू द्या. पण आधी शुल्काची पावती, कायम प्रवेशाचे पत्र आणि बोनाफाईड, हे तिन्ही कागद हाती आल्यावरच क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा, आणि गेल्या वर्षीचा वाद तिथे काढू नका. प्रवेश तात्पुरता असेल तर तो कायम झाल्याशिवाय अर्ज देऊ नका, नाहीतर पुन्हा तोच शेरा येईल. वजनगट अर्जात ७० लिहा. संघात निवड होऊन स्पर्धा पार पडली की नोकरीसाठी लागणारा फॉर्म ३ विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांच्या सहीने त्याच वर्षी करून घ्या. चार वर्षांनी अर्ज करायची वेळ येते तेव्हा संचालक बदललेले असतात आणि जुन्या संघाची यादी शोधून द्यायला कार्यालयात कोणी तयार नसते.