मदत हवी आहे: रेड मेपलची पानं पिवळी पडतायत

मंडळी, आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो, गेल्या ऑक्टोबरात मागच्या अंगणात रेड मेपलची दोन झाडं लावली, नर्सरीतून कुंडीतली आणलेली, साधारण ६ फुटी. एक मस्त चाललंय पण दुसऱ्याची नवीन पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारखी. माती चिकट आहे, पीएच ७.८ आला (जरा अल्कधर्मी), म्हणजे मातीत लोह, मँगनीज असूनही झाडाला घेता येत नसणार बहुतेक. पीएच उतरवायला गंधक टाकू की चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह)? कोणी केलंय का?

दुसरं म्हणजे लावताना हे पिवळं पडणारं झाड जरा खोलच गेलं, बुंधा खाली जिथे रुंद होतो तो भाग पार गाडला गेलाय आणि वर नवऱ्याने हौसेने बुंध्याला टेकवून मल्चचा (मातीवर पसरतात त्या आच्छादनाचा) हा डोंगर रचलेला! काल मी हाताने उपसला तर आतली साल ओली, मऊ लागली. आता जुलैच्या उन्हात झाड उचलून पुन्हा लावू का पानं गळेपर्यंत थांबू? आणि हो, थंडीत ससे साल कुरतडतात त्यासाठी जाळी किती उंच लावता? साचलेल्या बर्फावर उभे राहून खातात मेले.