स्पार्क प्लगची पट्टी कापून किंवा गॅप वाढवून अ‍ॅव्हरेज वाढतं का?

चौथा_गियर

गाडी पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकच्या वाटेत फवारलं जातं), प्रत्येक प्लगवर ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी स्वतंत्र कॉइल. प्लग साधे निकेलचे, मॅन्युअलमध्ये गॅप (मधला इलेक्ट्रोड आणि वाकडी पट्टी यांतलं अंतर) १.० ते १.१ मिमी दिलाय. प्लगमध्ये फेरफार करून अ‍ॅव्हरेज वाढवायचे तीन उपाय सारखे वाचनात येतात:

१. प्लगची वाकडी पट्टी कानशीने घासून मधल्या इलेक्ट्रोडच्या निम्म्यावर आणायची.
२. गॅप १.४ मिमीपर्यंत वाढवायचा.
३. वॉशर बदलून सगळ्या प्लगचं उघडं तोंड इनटेक व्हॉल्व्हकडे करायचं, म्हणजे इंडेक्सिंग.

यातलं नक्की काय उपयोगी आहे? नुसतं हो-नाही नको, कारण सांगा. आणि करायचंच झालं तर काय बिघडू शकतं?

फीलर_गेज

तिन्हींमागचा विचार एकच आहे आणि तो मुळात चुकीचा नाही. ठिणगी पडल्यावर ज्योतीचा पहिला ठिपका अगदी लहान असतो, आणि शेजारचा धातू त्याची उष्णता ओढून घेतो. पट्टी आखूड केली किंवा गॅप वाढवला की ठिपक्याला मोकळी जागा मिळते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात आयडलला मिश्रण सतत कमीजास्त व्हायचं, तिथे याने आयडल थोडं स्थिर होऊ शकतं.

तुमच्या गाडीत मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो. हे मिश्रण चांगल्या स्थितीतला प्लग जवळजवळ प्रत्येक वेळी पेटवतोच, आणि जे पेटलंय ते आणखी पेटवता येत नाही. त्यामुळे खराब प्लगने अ‍ॅव्हरेज घटतं, नव्या प्लगने ते मूळ जागी येतं, पण कापलेल्या प्लगने मूळ आकड्याच्या वर जात नाही.

आता गॅप. सिलिंडरमधला दाब आणि गॅप यांचा गुणाकार जितका मोठा, तितकं ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. सपाट रस्त्यावर निवांत चालवताना दाब कमी असतो, म्हणून १.४ वरही गाडी छान पळते आणि उपाय लागू पडला असं वाटतं. तीच गाडी चढावर, वरच्या गियरमध्ये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर झटके मारायला लागते. कॉइलमधली ऊर्जा ठरलेली असते. गॅप ओलांडण्यातच जास्त खर्च झाली की ठिणगी कमी वेळ टिकते. आणि गॅप ओलांडता आलाच नाही तर वीज दुसरी वाट शोधते, सहसा रबरी बूटच्या आतून प्लगच्या चिनीमातीवरून खाली. तिथे एक बारीक काळी रेघ उमटते. ती रेघ एकदा उमटली की पुढची प्रत्येक ठिणगी तिथूनच जायला बघते. मग गॅप पूर्ववत केला तरी मिसिंग (मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटणं) जात नाही. प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात, कधी कॉइलही.

मिसफायरचा अ‍ॅव्हरेजवर दुहेरी मार बसतो. न जळलेलं पेट्रोल वाया जातंच. शिवाय त्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू चारही सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो. उरलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकत असेल तर जोर न लावता गाडी बाजूला घ्या.

मोठा गॅप सरसकट वाईट असंही नाही. जुन्या, पॉइंटवाल्या (यांत्रिक स्विचच्या) इग्निशनमध्ये ०.९ मिमीच्या आसपास गॅप असायचा. १९७० च्या दशकात जनरल मोटर्सने ताकदवान एचईआय (हाय एनर्जी) इग्निशन आणलं तेव्हा काही इंजिनांत तो दीड मिमीपर्यंत नेला. पण तिथे आधी कॉइलची ताकद वाढली, मग गॅप. इथे कॉइल तीच ठेवून फक्त गॅप वाढवायचा सल्ला दिला जातो.

पट्टी कापण्यातले धोके वेगळे. ठिणगी कडेला तिरकी पडते आणि कड लवकर झिजते, म्हणजे गॅप आपोआप वाढत जातो. कानशीचा बारीक कीस चिनीमातीचं नाक आणि बाहेरचं कवच यांच्या फटीत अडकला तर प्लग शॉर्ट होतो, सुटला तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. कापलेल्या जागी राहिलेली धातूची कूस लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवू शकते. आणि पट्टीवर प्लॅटिनमचा ठिपका असलेला प्लग चुकूनही कापू नका, ज्यासाठी तो महाग आहे तेच कापून टाकाल.

आटे_सांभाळा

वरच्याशी सहमत. इंडेक्सिंगबद्दल लिहितो, कारण तिन्हींत तेच निरुपद्रवी आहे, नीट केलं तर.

पट्टीच्या उघड्या बाजूच्या रेषेत चिनीमातीवर मार्करने खूण करायची. पेन्सिल नको, ग्राफाइटमधून वीज वाहते. १४ मिमी प्लगच्या आट्याचा पिच १.२५ मिमी असतो, म्हणजे पाव फेरा फिरवायला वॉशरच्या जाडीत ०.३ मिमीच्या आसपास फरक लागतो. तेवढ्या फरकाचे तांब्याचे वॉशर घ्यायचे किंवा प्लग एकमेकांत अदलाबदल करून बघायचे. तोंड जुळावं म्हणून प्लग जास्त आवळणं किंवा ढिला ठेवणं, दोन्ही चूक. ढिल्या प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो तापतो. जास्त आवळला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला वॉशर घालायचाच नाही.

रेसिंग इंजिनात उंच पिस्टनला पट्टी लागू नये म्हणून हे करतात. काही डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत फवारा आणि पट्टी यांची दिशा कारखान्यातच जुळवलेली असते, तिथे कंपनीचाच प्लग घ्यावा. तुमच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये अ‍ॅव्हरेजमध्ये मोजता येईल असा फरक पडणार नाही.

निळी_ज्योत

गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर चालत असेल तर उलटं करायचं. गॅसच्या मिश्रणाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून किट बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं नसेल तर गॅप पेट्रोलपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवतात. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर टाकली की मिसिंग, असं असेल तर आधी गॅप मोजा.

चौथा_गियर

सगळ्यांचे आभार. कापाकापी रद्द. आत्ता प्लग काढून गॅप मोजला तर तीन १.३ वर आणि एक १.३५ वर निघाला. टोकं फिकट तपकिरी आहेत. पण चिनीमातीवर, षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी वलय आहे. तिथून गॅस गळतोय का? आणि गॅप पट्टी ठोकून १.१ वर आणला तर चालेल?

फीलर_गेज

म्हणजे फेरफार न करताच गॅप वाढलेला आहे. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील तर ठोकून गॅप जुळेल, पण गोल कडेवरून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. नवे घ्या, हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचं माप) तीच ठेवून. हीट रेंजचे आकडे बदलताना फार जण फसतात: एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. क्रमांकात एनजीकेचं 'आर' असेल तर नव्यातही हवं. तो आतला रेझिस्टर काढला तर रेडिओत खरखर आणि ईसीयूला गडबडीचे सिग्नल.

वलय म्हणजे कोरोना डिस्चार्जचा (हवेत होणाऱ्या सूक्ष्म वीजगळतीचा) डाग. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. निरुपद्रवी आहे.

आटे_सांभाळा

बसवताना: इंजिन थंड हवं. कॉइल काढल्यावर खड्ड्यात हवा मारा, मगच प्लग सोडवा, नाहीतर धूळ थेट सिलिंडरमध्ये. नव्या प्लगचाही गॅप मोजा. कमीजास्त असेल तर फक्त बाहेरची पट्टी वाकवा, मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊ नका. इरिडियमचं बारीक टोक तर नाण्यासारख्या गेजने हमखास तुटतं. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, चिनीमातीची चीर दिसत नाही.

पहिले सगळे आटे हाताने, रॅचेट न लावता. मग टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. अ‍ॅल्युमिनियम हेडला वॉशरवाल्या १४ मिमी प्लगचा साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर नवा वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावतात ते वंगण) लावू नका, त्याने त्याच टॉर्कला प्लग बराच जास्त आवळला जातो.

नंतर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमीजास्त देतोय ते) बघा, इंजिन पूर्ण गरम असताना. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण ठीक आहे. तरी अ‍ॅव्हरेज कमीच असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) तपासा: तापमानाचा काटा मधोमध यायला फार वेळ लागतो किंवा वेग घेतल्यावर खाली जातो, म्हणजे तो उघडा अडकलाय आणि ईसीयू इंजिन थंड समजून पेट्रोल जास्त देतोय. त्याच्या आधी टायरमधली हवा, आणि चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त गरम लागलं तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय.