आखातात जाताना काय सांभाळावं? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

आई दिवाळीला दुबईला भावाकडे निघाली आहे. पहिलाच परदेश प्रवास. बॅग भरताना रोज नवा प्रश्न: हे चालेल का, ते चालेल का? आखातात राहिलेल्यांनी, जाऊन आलेल्यांनी स्वतःचा अनुभव लिहा. ऐकीव नको.

कारेलीबागेतून
ताई, आधी अनारसे बाहेर काढा! खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. अमिरातीत त्यावर बंदी आहे, सापडली तर अमली पदार्थांचं प्रकरण होतं. मला याचा पत्ताच नव्हता. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गूळ घालून सगळं साग्रसंगीत केलं. निघायच्या आदल्या रात्री लेकीचा फोन: "आई, खसखस लावलीस का गं?" डबा बांधून बॅगेत गेलेला. रात्री अकराला तो उघडला. नुसतं झटकून भागत नाही, तळताना दाणे जाळीत घट्ट बसतात. करंजीच्या सारणातही भाजून घातली होती, त्याही राहिल्या. चकल्या आणि शंकरपाळे तेवढे गेले. लेकीला अनारसे फार आवडतात हो, फार वाईट वाटलं. घरचा मसालाही तपासा.

मांजलपूरहून
औषधं बघा. बाबांना गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल होतं. अमिरातीत ते नियंत्रित औषधांत येतं, नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आम्ही डॉक्टरांना विचारून गोळीच बदलून घेतली. खोकल्याच्या बाटलीवर कोडीन लिहिलंय का तेही वाचा. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत चिठ्ठी. वारांच्या डबीत सुट्या भरू नका.

रावपुऱ्यातून
मी कुवेतला होतो. रमजानात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, परधर्मीयांनाही. पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर बाटली तोंडाला लावणार, तोच शेजारच्या केरळी माणसाने माझा हात धरून खाली केला. एक शब्द बोलला नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

दांडिया बाजारातून
आम्ही सौदीत, जेद्दाला राहायचो. तायफला जाताना वाटेत मक्का लागते. तिथे मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, त्यांच्यासाठी बाहेरून वेगळा रस्ता आहे. पाटी स्पष्ट असते. ड्रायव्हर नवा असेल तर आधीच सांगा. बायकांना अबाया, म्हणजे वरून घालायचा लांब झगा, आता सक्तीचा नाही, २०१९ पासून परदेशी पाहुण्यांना सूट आहे. पण अंगभर, सैल कपडे हवेत. मी सलवार-कमीज आणि ओढणी घ्यायची, कोणी कधी टोकलं नाही. अनोळखी बायकांचे फोटो मात्र चुकूनही काढू नका. हे दुबईतही लागू.

फतेगंजहून
शारजाला पूर्ण दारूबंदी आहे. गुजरातेत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

धागा काढणारी
कारेलीबागेच्या काकू, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि खसखशीची बरणी वरच्या फळीवर ठेवून आली. म्हणते, यंदा तीळ लावून करते.